पाण्यात गेलेले अकराशे

१

तेरवीची पहिली पंगत बसली होती आणि मी वरणाची बादली घेऊन अंगणात उभा होतो. फाटकाशी एक मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि लगेच ती निघूनही गेली. कुणी पाहुणा असेल, पंगत सुरू झालेली पाहून लाजला असेल, असं वाटून मी फाटकापर्यंत गेलो. आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून, एक खोकं ठेवलेलं होतं. खोक्यावर छापील चिठ्ठी होती. नाव लिहिलं होतं, श्री. नंदकिशोर पिंपळखुटे.

ज्यांची तेरवी, त्यांचंच नाव. माझे काका.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भुतंखेतं नसतात हे दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना ठासून सांगतो. त्या दिवशी मात्र मी बादली तिथंच ठेवली आणि खोक्यापासून दोन पावलं मागं सरलो.

पाहुणे गेल्यावर खोकं उघडलं. आत विजेवर चालणारा तंबोरा निघाला, डब्याएवढा, काळा. नवरात्रात काकांनी काकूसाठी ऑनलाईन मागवला होता, अगदी तस्साच. तो पहिला तंबोरा मात्र काका गेले त्या दिवसापासून घरातून नाहीसा झाला होता. आम्ही कपाटं पाहिली, माळा पाहिला, दिवाणाखाली पाहिलं, पण तो कुठंच नव्हता.

रत्नप्रभाकाकूनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं. तेरा दिवसांत ती धड दहा वाक्यं बोलली नव्हती.

"आला का परत?" ती म्हणाली. "पाण्यातून आला असेल तर ओला कसा नाही?"

२

ते साल दोन हजार सतरा. कपाशीवर फवारा मारता मारता माणसं पडत होती. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरेनात आणि जी कपाशी उभी होती तिला बोंडअळी लागली होती. आमच्या जिल्ह्यात अशा साली कुणी विहिरीत सापडला, तर का म्हणून कुणी विचारत नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं. काका भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले, पेन्शन खाणारे, नावावर ना वावर ना कर्ज. तरी लोकांनी त्यांनाही त्याच रांगेत नेऊन बसवलं.

कळंबच्या बाहेर एका ले-आउटात त्यांनी घर बांधलं होतं. प्लॉट चाळीस, घरं सहा. बाकी सगळीकडे खुंट्या आणि गाजरगवत. पूर्वी तिथं कपाशीचं वावर होतं आणि त्या वावराची विहीर मोकळ्या जागेत तशीच राहिली होती. पाच ऑक्टोबरला दिवस मावळता काका त्या विहिरीत सापडले. विहिरीच्या काठाखाली त्यांच्या चपला होत्या, जोडीनं, नीट लावलेल्या.

त्या चपलांनीच घात केला. पाय घसरलेला माणूस चपला काढून ठेवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पोलिसांनी पंचनामा केला आणि गेले. लोक म्हणाले, बिचाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे.

काय होतं ते काकूला ठाऊक होतं. तेरवीच्या संध्याकाळी तिनं ते मला सांगितलं.

"तूच चार दिवस आधी सांगून गेला होतास ना, की तंबोऱ्याचा भाव उतरला म्हणून?"

मीच सांगितलं होतं. रविवारी जेवायला आलो होतो तेव्हा मोबाईलवर काढून आणलेला स्क्रीनशॉट दाखवलाही होता. काकांनी साडेचार हजाराला घेतलेला तंबोरा दहा दिवसही झाले नव्हते तर अकराशेनं खाली आला होता. काकांना खिजवायची अशी संधी मी कशाला सोडतो? हा माणूस वांगी घेऊन घरी यायचा आणि दुसऱ्या गाडीवर दोन रुपयांनी स्वस्त दिसली, तर पिशवी घेऊन परत जायचा.

"चार दिवस मी त्यांना टोमणे मारले," काकू म्हणाली. "शेवटच्या दिवशी जेवताना म्हटलं, गेले ना अकराशे पाण्यात? ते हसले. उतरू दे अजून, म्हणाले. अन् संध्याकाळी स्वतःच..." ती थांबली. "तो तंबोराही घेऊन गेले, मंदार. तो विहिरीतच आहे. मला ऐकू येतो."

"काकू, काहीतरीच बोलू नको."

"सहा वाजू दे, मग बोल."

सहा वाजले. आम्ही मागच्या दारात उभे होतो. विहिरीच्या दिशेनं सूर आला. खालचा, अखंड, न थांबणारा षड्ज. काकूनं तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंय, सूर ओळखण्यात तिची चूक होत नाही. आणि मलाही तो स्पष्ट ऐकू येत होता.

३

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी उमेराकडे गेलो. उमेरा माझी जुनी विद्यार्थिनी. कळंबच्या एसटी स्टँडसमोर तिचं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म, रिचार्ज, ज्याला जमत नाही त्याला ऑनलाईन सामान मागवून देणं, सगळं करते. त्या दिवसांत कर्जमाफीच्या फॉर्मसाठी तिच्या दारात रांग असे. कपाशी वेचून वेचून लोकांचे अंगठे इतके घासले होते, की मशीन ते घेईना. त्या दुपारी सर्वर बंद होता, म्हणून ती रिकामी सापडली.

सगळं ऐकून घेतलं तिनं. मग खोकं फिरवून फिरवून चिठ्ठी वाचली.

"सर, तुम्ही भूत भूत करून राह्यले, पण चिठ्ठी नाही वाचली. ऑर्डर पाच तारखेची आहे. काका जिवंत होते तेव्हाची."

"ते गेले त्याच दिवशीची," मी म्हणालो.

"अन् भाव पाहा. तेहतीसशे नव्व्याण्णव. उतरलेला." तिनं पेनाचं टोपण दातात धरलं. "सर, तंबोरा देताना पैसे कोणी दिले?"

"कुणीच नाही. तो तर खोकं ठेवून पळाला."

"इथं छापलंय, माल मिळाल्यावर रोख द्यायचे. म्हणजे हा चोर उलटा आहे. सामान ठेवून गेला, अन् पैसेही सोडून गेला." तिनं फोन उचलला. "थांबा, आधी कंपनीलेच विचारू."

कंपनीवाल्यांनी तिला अर्धा तास गाणं ऐकवलं. शेवटी कुणीतरी बोललं. तिनं ऑर्डरचा नंबर दिला, आवाज जाड करून स्वतःला रत्नप्रभा पिंपळखुटे म्हणवलं आणि कागदावर दोन वेळा लिहून घेतल्या.

"ऑर्डर सकाळी अकरा वीसची. पण रोखीची ऑर्डर अशी पुढं जात नाही, सर. खेड्यापाड्यात लोक मागवतात अन् नाही म्हणतात, म्हणून ही कंपनी आधी फोन करते. पाहिजे असेल तर एक दाबा. नाही दाबला तर ऑर्डर रद्द. कोणीतरी एक दाबला आहे. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी. काका कधी दिसले लोकायले विहिरीत?"

"सव्वासहाला."

तिनं पाच एक्केचाळीसखाली रेघ ओढली. मला मात्र दुसरीच एक वेळ आठवली. माझ्या खिशातल्या फोनमध्ये पाच तारखेची एक नोंद तेरा दिवस पडून होती. ती मी कुणालाच दाखवली नव्हती. काकांचा मला आलेला फोन, पाच वाजून सेहेचाळीस मिनिटांनी. मी तो कापला होता.

४

"कळंबात ह्या कंपनीचं सामान एकच माणूस वाटतो," उमेरा म्हणाली. "जमीरभाई. अन् खिशातून पैसे भरून पार्सल ठेवणारा माणूस काहीतरी फेडून राह्यला असंल."

मला तर तेव्हाच सगळा उलगडा झाला असं वाटलं. जमीरनं पहिला तंबोरा लंपास केला, म्हातारा मागं लागला, विहिरीशी झटापट झाली आणि आता मन खातंय. डिटेक्टिव्ह होणं किती सोपं असतं! मी उमेराला वाटेत हे ऐकवलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही पेपर तपासतानाही असेच घाईत असायचे."

जमीर घरासमोर मोटरसायकलची चेन काढून बसला होता. चाळिशीचा, हाडकुळा माणूस. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये होता, जिनिंग बंद पडली तेव्हापासून पार्सलं वाटायचा. मला पाहताच त्यानं हातातला पाना खाली ठेवला. उमेरानं नुसतं तंबोऱ्याचं खोकं त्याच्यासमोर धरलं.

"मंदारभाऊ," तो म्हणाला, "म्याच मारलं सायेबाले."

मी उमेराकडे विजयानं पाहिलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती खाली बसली.

"कसं मारलं, ते सांगा."

जमीर तुटक तुटक बोलू लागला. बायको चहा घेऊन आली, त्यानं तो हातातही घेतला नाही. पाच तारखेला सकाळी तो ले-आउटात एक पार्सल द्यायला गेला होता. काकांनी त्याला थांबवलं. काकू चिंतामणीच्या दर्शनाला गेली होती.

"मले म्हणाले, जमीर, भाव उतरला, फरक परत देते का कंपनी? म्हटलं, नाई देत सायेब. पण माल वापस कराले दहा दिवस असतात, ते व्हायचे आहेत ना? मंग आधी नवा मागवा, उतरल्या भावात. अन् जुना वापस करा. जुन्याचे पूरे पैसे वापस येतात. सगळेच करून राह्यले." त्यानं ओठ पुसले. "सायेब इतके खूश झाले. म्हणाले, बाईले सांगू नोको, नवा आला का मंगच सांगीन. जुना तंबोरा त्याइनं तेव्हाच मले बांधून देल्ला. म्या वापस पाठोला. पावती आहे माह्यापाशी."

म्हणजे पहिला तंबोरा विहिरीत नव्हता. तो सकाळीच, काकूच्या त्या दिवशीच्या टोमण्याच्या आधीच, परतीच्या गाडीत बसला होता.

"मग मारलं कसं?" मी विचारलं.

"त्याइच्या घरी रेंज कुठं आहे? ले-आउटात रेंज एकाच जागी येते, विहिरीच्या काठावर. आम्ही पार्सलवाले तिथंच उभे राह्यतो. म्याच सायेबाले तिथं नेलं, तिथूनच नवा मागवला. अन् म्याच सांगतलं, सांजी पाच-सहाच्या दरम्यान कंपनीचा फोन येईन, काठावर उभे राह्यजा, एक दाबजा." त्याचा आवाज फुटला. "न सांगतो तर कायले जाते थो मानूस तिथं? अन् लोकायले सांगाव तर काय, का जमीर त्याइच्यासंगं शेवटी होता? कोन आयकते माह्यं?"

त्यानं पावती काढून दिली. पाच ऑक्टोबर, सकाळचे अकरा पन्नास.

"पण चपला?" मी म्हणालो. माझी झटापट पार कोसळली होती, पण चपला राहिल्याच होत्या. "रेंजसाठी गेलेला माणूस चपला कशाला काढेल?"

जमीरनं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी चढले का भाऊ त्या काठावर?"

५

मी चढलो नव्हतो. साडेपाचच्या सुमाराला आम्ही तिघं विहिरीवर गेलो. कुंपणापलीकडच्या वावरात नाकातोंडाला फडकी बांधून दोन माणसं फवारा मारत होती आणि त्याचा वास इथवर येत होता. विहिरीभोवती दगडी काठ, एका बाजूला तो जरा रुंद आणि उंच. मी फोन काढला. खाली रेंज नव्हती. म्हणून वर पाय ठेवला.

"ए! वहान काढ!"

गाजरगवतातून एक म्हातारी उठली, मागं चार शेळ्या. तिचं नाव मथुराबाई. वावर होतं तेव्हा ती तिथं निंदायला यायची, आता ले-आउट झालं तरी शेळ्या तिथंच चारते.

"दिसत नाई का तुले? साती आसरा हायेत तथी."

मी खाली पाहिलं. रुंद काठावर सात लहान दगड शेंदूर लावून ओळीनं मांडलेले होते. पाण्यातल्या सात बाया. आमच्याकडे विहिरीवर, डोहावर त्या असतातच, आणि त्यांच्यापाशी कुणी चप्पल घालून जात नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी इतका शिकलेला, की विहिरीवर दगड असतील हे डोक्यातच आलं नाही. पंचनाम्याला आलेल्यांनीही पाणी पाहिलं, चपला पाहिल्या, दगड पाहिले नाहीत.

"आजी," उमेरानं विचारलं, "ते म्हातारे सायेब चढायचे इथं?"

"त्या दिशी दोनदा चढले. सकाळी ह्याच्यासंगं." तिनं जमीरकडे हात केला. "दोघायलेही म्या वहाना काढाले लावल्या. हा मुसलमान असून कुरकुरला नाई, लगेच काढल्या. सांजी सायेब एकटे आले. न सांगता काढल्या, नीट लावून ठेवल्या अन् हात जोडले. म्या शेया घेऊन घरी चालली होती. मांगून मले दिसले, फोन कानाले लावून येरझारा घालून राह्यले होते. हासून राह्यले होते."

"मग कोणाला सांगितलं नाही?"

"कोनं इचारलं मले? आसरायनं नेलं म्हनून गप बसली."

तेवढ्यात सहा वाजले असावेत. सूर लागला. मी काठावरच गोठलो. उमेरानं कान दिला, चार पावलं चालली आणि गाजरगवतामागच्या खांबाकडे बोट दाखवलं. त्यावर डीपी होती, वावरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.

"सर, ह्या महिन्यात शेतीची थ्री-फेज सहाला येते. लोड आला की डीपी गुणगुणते. हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाले बारावीत."

मी नुसतीच मान हलवली.

मी शेंदराच्या दगडांपलीकडे पाहिलं. परतीच्या पावसानं काठाच्या आतल्या कडेला हिरवं शेवाळ धरलं होतं. काकांना फोनवर बोलताना एका जागी उभं राहता यायचं नाही. पूर्वीच्या घरी बैठकीत फेऱ्या मारून मारून त्यांनी सतरंजी झिजवली होती. इथं फेऱ्या मारायला तीन पावलांची जागा होती, आणि पायांत काही नव्हतं.

६

दिवेलागणीला आम्ही काकूसमोर बसलो. जमीर ओसरीच्या पायरीवरच थांबला. उमेरानं सगळं सांगितलं, एकेक करून, घाई न करता.

"काकू, तुम्ही जेवताना बोलल्या तेव्हा त्यांचे अकराशे पाण्यात गेलेच नव्हते. नवा मागवून झाला होता, जुना निघून गेला होता. म्हणून ते हसले. आणखी आठ-दहा दिवसांनी तुम्हाले चकित करणार होते. पाच एक्केचाळीसला त्यांनी एक दाबला. जीव द्यायला गेलेला माणूस आठवड्यानं येणाऱ्या पार्सलसाठी एक दाबत नाही. चपला देवासाठी काढल्या. काठ ओला होता."

"कशावरून?" काकू म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "एक दाबला, अन् मग पाच मिनिटांनी माझं बोलणं आठवलं असेल. पाच मिनिटं पुष्कळ असतात, बाई."

उमेरा माझ्याकडे पाहू लागली. तिला ठाऊक नव्हतं, पण पुढचा पुरावा माझ्यापाशीच होता. मथुराबाईनं सांगितलेला कानाला लावलेला फोन कुणाला चालला होता, हे मला ठाऊक होतं. मी तेरा दिवस तो स्वतःपासूनही लपवला होता. मला वाटत होतं, त्यांनी वाचवा म्हणायला फोन केला आणि मी कापला. काकूच्या टोमण्याला मीच सुरुवात करून दिली आणि शेवटी मीच कापला. मला त्या तेरा दिवसांत झोप नव्हती.

मी फोन काढून तिच्या हातात दिला.

"पाच सेहेचाळीसला त्यांनी मला लावला होता, काकू. मी कापला. वर्गात नव्हतो, मीटिंगमध्ये नव्हतो, कँटीनमध्ये चहा पीत होतो. काही घेतलं की काकांचा फोन यायचाच. ओळख पाहू किती वाचवले, असं म्हणायचे आणि मग पंधरा मिनिटं सोडायचे नाहीत. मला कंटाळा आला होता."

काकूनं चष्मा लावला. खालची नोंदही तिला दिसली.

"पाच सत्तेचाळीसला पुन्हा लावलाय."

"हो. तो अर्धाच वाजला. मी कापायच्या आतच बंद झाला."

पायरीवर जमीरनं तोंड रुमालात लपवलं. उमेरानं हातातला कागद घडी घालून मांडीखाली ठेवला. सांगायचं ते संपलं होतं. काका जीव द्यायला गेले नव्हते. काकूच्या शब्दानं गेले नव्हते, जमीरच्या सल्ल्यानंही नाही. ते मला अकराशे वाचवल्याचं सांगायला विहिरीच्या काठावर तीन पावलांच्या फेऱ्या मारत होते.

काकू फार वेळ त्या दोन नोंदींकडे पाहत राहिली. मग तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"मग ते माझ्यावर रागावून गेले नाहीत."

"नाही, काकू."

"खुशीत होते."

"फार."

तिनं पदरानं डोळे पुसले. तेरा दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. माझ्या पाठीवर तिनं हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता.

"उचलायला पाहिजे होता रे मंदार," ती म्हणाली. रागानं म्हणाली नाही. "इतका खुशीत होता माणूस, अन् ऐकायला कोणीच नव्हतं."